चार्ज दिला, चार्ज घेतला

लोकरवाला म्हणाला, मावशी, एप्रिल चालू आहे.
म्हटलं, कळतंय. घामानं सुया निसटतात हातातून.
तरी दे सहा गुंडे. तो मातकट हिरवा. मळखाऊ.

आमच्या विक्रोळीत थंडी पडत नाही,
ती भिंतीवर बसवलेली असते.
कन्नमवार नगरच्या कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये
अठरावर लावलेली, यंत्राला उकडू नये म्हणून.
रिमोट बँकेत, कुलपात.
आणि यंत्राशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर
रात्री आठ ते सकाळी आठ
सोपान भुसारा, जव्हारकडचा,
शर्टाच्या आत कालचा पेपर घालून.
मी नोटा मोजत होते, तेव्हा कुरकुरला.
पेपर. सोपान कधीच नाही.

परक्या पुरुषाच्या छातीभोवती
टेप कशी धरायची या वयात?
नजरेनंच माप घेतलं.
उभा राहिला की खांदा स्क्रीनच्या वरच्या कडेला,
रुंदीला यंत्राच्या निम्मासुद्धा नाही.
घरी येऊन एकशे चार टाके घातले.

टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं
दोऱ्या उपसल्या, दोऱ्या खुपसल्या,
इकडचा आवाज तिकडे.
बोटांना खोड लागली ती लागलीच,
रिकामी ठेवली की आपापसात भांडतात.
देणंबिणं नंतरचं,
आधी या दहाजणींना काम.

घरातल्या सगळ्यांचं विणून झालंय.
जावयाच्या मफलरनं गच्चीतला गळका नळ बांधलाय.
सुनेची शाल डांबराच्या गोळ्यांत सुखात आहे.
मी विचारत नाही.

मे महिनाभर मांडीवर ऊब वाढत गेली
आणि कोपरापर्यंत घामोळं.
पंखा लावावा तर तंतू उडून नाकात,
बंद करावा तर जीव जातो.
पाठीत एक टाका गळला,
दारावर कुरिअरवाला आला होता तेव्हा बहुतेक.
लक्षात आलं अकरा ओळी वर गेल्यावर.
उसवायला घेतलं, पुन्हा खाली ठेवलं.
पाठीलाच आहे, म्हटलं, त्याला थोडाच दिसणार.

पेन्शनच्या दिवशी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून नेला.
किती झाले, म्हणाला.
जिथे येणारा प्रत्येकजण पैसेच मोजतो
तिथे बसून माणूस दुसरं काय विचारणार?
लोकर उरली होती रे, म्हटलं.
खोटं. सातवा गुंडा आणावा लागला होता.

जुलैच्या पेन्शनला खुर्चीत भलताच पोरगा.
मिसरूडही धड फुटलेलं नाही,
आणि अंगात माझा स्वेटर, मांडीपर्यंत आलेला.
सोपान कुठाय?
लावणीला गेला गावी. येईल, नाहीतर नाही येणार.
आणि हा?
हा ड्युटीबरोबर मिळतो, आजी.
टॉर्च, काठी, रजिस्टर, स्वेटर.
सकाळी दिवसवाल्याला द्यायचा, रात्री परत घ्यायचा.

खरं सांगते, टोचलं.
एकशे चार टाके मी एका माणसासाठी घातले होते,
खुर्चीसाठी नाही.

तेवढ्यात कुणाला तरी दार उघडायला तो वळला.
पाठीवर, गळल्या टाक्याच्या जागी,
नोटांच्या थैलीचं तोंड शिवतात तसल्या
जाड पांढऱ्या दोऱ्याची शिवण.
आडवी, ओबडधोबड, दोनदा गाठ मारलेली.
म्हणजे दिसलं होतं त्याला.
काढून, उलटा करून, उजेडात धरून
बघितला होता त्यानं सगळा.

कार्ड घातलं. पिन चुकला.
पुन्हा घातलं.

जाताना म्हटलं,
गार पाण्यात धुवा. पिळायचा नाही.
वाळत टांगायचा नाही, लांबतो. पसरून ठेवायचा.
थांबा, म्हणाला पोरगा,
आणि रजिस्टर उघडलं.
चार्ज दिला, चार्ज घेतला, वेळ, सही,
त्याखाली शेऱ्याच्या रकान्यात
जीभ दातांत धरून, सावकाश,
पिळायचा नाही, असं लिहिलं.